कट न देता, कट न घेता : नव्या डॉक्टरांनी आर्थिक व्यवहार कसे तपासावेत

दवाखाना सुरू केल्यानंतर पहिल्याच महिनाअखेरीस माझ्या कंपाउंडरने एक पाकीट टेबलावर आणून ठेवले. आत रोख रक्कम होती आणि सोबत एक चिठ्ठी. मी त्या महिन्यात सोनोग्राफी आणि एक्स-रेसाठी पाठवलेल्या रुग्णांची नावे, त्यांच्या तपासण्या आणि प्रत्येकापुढे एक आकडा असा तिचा मजकूर होता. त्या केंद्राच्या मालकांशी मी पैशांविषयी एक शब्दही बोललो नव्हतो. पाकीट परत करायला मला तीन आठवडे लागले, कारण ते कोणाकडे, कोणत्या शब्दांत आणि कोणता पुरावा मागे ठेवून परत करायचे, हे साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसमध्ये आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत मला कोणी शिकवले नव्हते. पुढील मजकूर प्रामुख्याने अशा डॉक्टरांसाठी आहे, ज्यांनी नुकताच स्वतःचा दवाखाना किंवा छोटे रुग्णालय उभे केले आहे आणि ज्यांच्यापुढे भाडेकरार, सल्लागार फी, भागीदारी, प्रायोजकत्व अशी कागदपत्रे सहीसाठी येऊ लागली आहेत.

आधी नियम वाचून घ्यावा

रुग्ण पाठवण्याच्या बदल्यातील ज्या कमिशनला आपल्या व्यवसायात सर्रास ‘कट’ किंवा ‘रेफरल’ म्हणतात, त्याविषयीचा मूळ नियम ‘भारतीय वैद्यक परिषद (व्यावसायिक वर्तन, शिष्टाचार आणि नीती) विनियम, २००२’ यात आहे. त्यातील ६.४.१ या कलमानुसार रुग्ण पाठवण्याच्या, सुचवण्याच्या किंवा मिळवून देण्याच्या बदल्यात कोणतीही भेट, बक्षीस, कमिशन किंवा बोनस डॉक्टरने देऊ नये, मागू नये, घेऊ नये आणि देऊही करू नये. या चारही क्रियापदांकडे नीट लक्ष द्यावे. घेणारा फॅमिली डॉक्टर जेवढा दोषी ठरतो, तेवढाच देणारा सर्जन किंवा पॅथॉलॉजिस्टही ठरतो, आणि व्यवहार पूर्ण झाला नसला तरी केवळ देऊ करणे हेदेखील नियमभंगच आहे. फीची विभागणी करणे, ती दुसऱ्याच्या नावे वळवणे किंवा तिचा काही भाग परत करणे अशा व्यवहारात प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष सहभागी होण्यासही त्याच कलमात मनाई आहे. ६.४.२ हे कलम तोच नियम रक्त, लघवी, बायोप्सी यांसारख्या नमुन्यांना आणि इतर तपासण्यांना लागू करते. मात्र आपल्या देखरेखीखाली वैद्यकीय सेवा देणाऱ्या पात्र व्यक्तीला पगार देण्यास हा नियम आड येत नाही, असेही तेथे स्पष्ट केलेले आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे वर्तनविषयक विनियम अधिसूचित केले होते, परंतु त्याच महिन्याच्या २३ तारखेला ते स्थगित ठेवण्यात आले आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले. त्यामुळे ‘जुने नियम गेले, नवे अजून आले नाहीत, सध्या मोकळीक आहे’ असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

या विनियमांची मर्यादाही माहीत असावी. ते नोंदणीकृत डॉक्टरांना लागू होतात. कंपनी म्हणून चालणारे रुग्णालय, डॉक्टर नसलेल्या मालकाची प्रयोगशाळा किंवा रुग्णवाहिकेचा चालक यांच्यावर वैद्यक परिषदेचा अधिकार चालत नाही. ही पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात एकदा झाला होता. २०१७ साली मुंबईतील एका हृदयरोग रुग्णालयाने ‘डॉक्टरांना कमिशन नाही’ अशा आशयाचे फलक लावले, त्यावरून वैद्यक संघटनांमध्ये वाद पेटला, आणि त्यानंतर राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिस प्रतिबंधक कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. तो मसुदा लोकांपुढे आला, त्यावर सूचना मागवल्या गेल्या, पण त्याचा कायदा झाला नाही. मला याचे आजही वाईट वाटते, कारण तो झाला असता तर पाकीट पाठवणाऱ्या संस्थेलाही उत्तर द्यावे लागले असते.

अमेरिकेत शिकलेले किंवा तेथे काम केलेले मराठी डॉक्टर परत आल्यावर विचारतात, की येथे ‘सेफ हार्बर’, म्हणजे नियमानेच मोकळीक दिलेले व्यवहार, कोठे आहेत? तेथे संघराज्याच्या आरोग्य योजनांतील रुग्णांसाठी लाच देणे-घेणे हा १९७२ पासून फौजदारी गुन्हा आहे, डॉक्टरने स्वतःचा आर्थिक संबंध असलेल्या केंद्राकडे रुग्ण पाठवण्यावर स्टार्क कायद्याने निर्बंध घातले आहेत, आणि त्याचबरोबर कोणते भाडेकरार, कोणत्या नोकऱ्या, कोणत्या सवलती चालतील याची लांबलचक यादी नियमांतच दिलेली आहे. आपल्याकडे अशी यादी नाही. मनाईचे वाक्य छोटे आहे आणि त्याच्या कक्षेत काय येते ते परिषद प्रकरणागणिक ठरवते. म्हणूनच आपला व्यवहार स्वच्छ आहे हे दाखवणारे कागद आपणच, आधीपासून आणि नीट तयार ठेवले पाहिजेत.

प्रत्येक कराराला विचारायचा प्रश्न

समोर आलेला करार कितीही गुंतागुंतीचा असला तरी मी त्याला एक प्रश्न विचारतो : पुढच्या महिन्यात मी या संस्थेकडे एकही रुग्ण पाठवला नाही, तर मला मिळणारी ही रक्कम एका रुपयानेही बदलेल का? बदलणार असेल, तर त्या रकमेला भाडे म्हणोत, मानधन म्हणोत की ‘मार्केटिंग सपोर्ट’, ती रुग्ण पाठवण्याचीच किंमत आहे. बदलणार नसेल, तर पुढचे दोन उपप्रश्न येतात. या रकमेच्या बदल्यात मी खरोखर काही काम करतो किंवा जागा देतो का, आणि त्या कामाचा किंवा जागेचा बाजारात चालणारा दर एवढाच आहे का? पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होऊन दुसऱ्यात नापास होणारे करार पुष्कळ असतात, कारण हल्ली कोणीही हुशार वकील ‘प्रतिरुग्ण’ हा शब्द करारात येऊ देत नाही. तो ठरावीक रक्कमच लिहितो, पण ती वाजवीपेक्षा तिपटीने जास्त असते.

नेहमी समोर येणारे करार

पहिला प्रसंग बहुधा नमुने गोळा करण्याच्या केंद्राचा असतो. एखादी प्रयोगशाळा आपल्या दवाखान्यातील आठ बाय आठची खोली मागते आणि तिचा माणूस सकाळी तेथे बसून रक्त घेणार असतो. यात गैर काही नाही, रुग्णाची सोयच होते. मात्र भाडे आसपासच्या गाळ्यांच्या दराप्रमाणे ठरवावे. दोन-तीन शेजारच्या दुकानांचे भाडे किती आहे याची नोंद करारासोबत जोडून ठेवावी, करार निदान एका वर्षाचा असावा, आणि तपासण्यांच्या संख्येवर भाडे वाढण्याचे किंवा घटण्याचे कोणतेही कलम त्यात नसावे. महाराष्ट्रात ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण कायद्यानेच बंधनकारक आहे. नोंदणी करून घेण्याचा खर्च टाळू नये, कारण पुढे वाद झाल्यास तोच आपला सर्वांत भक्कम कागद असतो. रुग्णाला ‘ही प्रयोगशाळा माझी भाडेकरू आहे, आपण दुसरीकडेही तपासणी करून घेऊ शकता’ असे सांगणारी पाटी त्या खोलीच्या दारावर लावावी.

दुसरा प्रसंग टक्केवारीचा. टक्केवारी हा शब्द ऐकताच दचकण्याचे कारण नाही. सीटी स्कॅन वाचून अहवाल लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टला केंद्राने प्रत्येक अहवालामागे ठरावीक टक्के फी देणे हा त्याच्या श्रमाचा मोबदला आहे. बाहेरून येऊन शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची फी आणि रुग्णालयाचे शुल्क वेगवेगळे दाखवून एकाच बिलात घेणे हेही सरळ आहे. टक्केवारी काम करणाऱ्याला मिळते की पाठवणाऱ्याला, एवढेच पाहायचे असते. पाठवणाऱ्याला मिळणारी टक्केवारी किती खोल मुरलेली आहे, हे २०१७ च्या अखेरीस बेंगळुरूमध्ये आयकर विभागाने काही निदान केंद्रांवर आणि वंध्यत्व उपचार केंद्रांवर टाकलेल्या छाप्यांत दिसले होते. एमआरआयसाठी ३५ टक्के आणि सीटी स्कॅन व प्रयोगशाळा तपासण्यांसाठी २० टक्के असे दर तेव्हा विभागाने जाहीर केले, आणि ही रक्कम काही ठिकाणी मानधन म्हणून, तर काही ठिकाणी विपणन खर्च म्हणून वह्यांमध्ये लिहिलेली होती. म्हणजे एमआरआयसाठी रुग्णाने भरलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा त्याच्या चिठ्ठीवर सही करणाऱ्याकडे जात होता आणि त्याला त्याची कल्पनाही नव्हती. जेथे ही टक्केवारी त्याहूनही पुढे जाते, तेथे नमुना बेसिनमध्ये ओतून ‘नॉर्मल’ असा अहवाल लिहून देण्याचे प्रकार घडतात. आमच्या क्षेत्रात त्याला ‘सिंक टेस्ट’ म्हणतात. कटाचा फटका केवळ रुग्णाच्या खिशाला बसत नाही, हे पटवून देण्यासाठी मी नव्या डॉक्टरांना नेहमी हे उदाहरण देतो.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत फसवा प्रकार म्हणजे कागदावरचा ‘असिस्टंट’. रुग्ण पाठवणाऱ्या फॅमिली डॉक्टरचे नाव शस्त्रक्रियेच्या बिलात सहाय्यक म्हणून घालायचे आणि त्या नावाने फी काढायची, ही पद्धत इतकी रुळलेली आहे की ती चूक आहे असे अनेकांना वाटतही नाही. नियम साधा ठेवावा : ज्याने हात धुऊन, गाऊन घालून टेबलाशी उभे राहून मदत केली, त्यालाच सहाय्यकाची फी. त्याचे नाव ऑपरेशन नोट्समध्ये, भूलतज्ज्ञाच्या नोंदीत आणि शस्त्रक्रियागृहाच्या रजिस्टरमध्ये असले पाहिजे. नाव फक्त बिलात असेल आणि या तीन ठिकाणी नसेल, तर ते बिल खोटे आहे; आणि ते विमा कंपनीकडे किंवा सरकारी योजनेकडे गेले, तर विषय वैद्यक परिषदेपुरता राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणूक करून मालमत्ता मिळवण्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

चौथा प्रकार भागीदारीचा. तालुक्याच्या गावात चार-सहा डॉक्टर मिळून सीटी मशीन घेतात किंवा रुग्णालयाची इमारत बांधतात. एकट्याला कर्ज झेपत नाही, आणि रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागू नये हा हेतूही प्रामाणिक असतो. अशा भागीदारीत नफा भांडवलाच्या प्रमाणात वाटला जावा. ‘ज्याचे रुग्ण जास्त त्याला जास्त’ असे तोंडी जरी ठरलेले असले, तरी तो नफा राहत नाही, कट होतो. वर्षभरात ठरावीक संख्येने रुग्ण न पाठवणाऱ्या भागीदाराला बाहेर काढण्याची तरतूद मी अनेक मसुद्यांत वाचली आहे. ती दिसली तर सही करू नये. २००२ च्या विनियमांतील १.८ हे कलम सांगते, की डॉक्टरचे वैयक्तिक आर्थिक हितसंबंध रुग्णाच्या वैद्यकीय हिताच्या आड येता कामा नयेत, आणि फी आधी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नव्हे. म्हणून ज्या केंद्रात आपला पैसा आहे तेथे रुग्णाला पाठवताना चिठ्ठीवरच ‘या केंद्रात माझी भागीदारी आहे’ अशी ओळ छापून घ्यावी. मी ती छापली तेव्हा सहकाऱ्यांनी रुग्ण तुटतील असे बजावले होते. आमच्या भागात तसे घडले नाही. उलट लोक निःशंक मनाने तेथे जाऊ लागले.

मोठ्या रुग्णालयाने तरुण सल्लागाराला देऊ केलेली ‘मिनिमम गॅरंटी’, म्हणजे दरमहा किमान ठरावीक रकमेची हमी, वेगळ्या प्रकारे वाचावी लागते. ठरावीक पगार हा गुन्हा नाही. पण करारासोबतच्या परिशिष्टात दरमहा किती दाखल रुग्ण, किती अँजिओग्राफी, ओपीडीतील किती टक्के रुग्णांचे दाखल रुग्णांत रूपांतर असे लक्ष्य दिलेले असेल, तर ते परिशिष्ट काढून टाकायला सांगावे. ते काढले जाणार नसेल, तर ती नोकरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना हे ऐकणे किती जड जाते, हे मला ठाऊक आहे.

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी

डिसेंबर २००९ मध्ये २००२ च्या विनियमांत ६.८ हे कलम घालण्यात आले आणि औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोख रक्कम घेण्यास डॉक्टरांना मनाई झाली. २०१६ मध्ये शिक्षेचे टप्पेही ठरवले गेले. १,००० ते ५,००० रुपयांच्या भेटीसाठी ताकीद, १०,००० रुपयांपर्यंत तीन महिने, ५०,००० पर्यंत सहा महिने आणि १ लाखापर्यंत एक वर्ष नोंदणी निलंबित. त्याहून जास्त रक्कम असेल तर एक वर्षाहून अधिक काळ.

कंपन्यांचा युक्तिवाद असा होता, की हे नियम डॉक्टरांना बांधतात, आम्हाला नाही. त्यामुळे भेटींवर केलेला खर्च आम्ही आयकरात व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करू शकतो. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ॲपेक्स लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. उदय लळीत आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने तो युक्तिवाद फेटाळला. प्रकरण ४ कोटी ७२ लाख रुपयांहून अधिक खर्चाचे होते आणि त्यात परिषदांच्या शुल्कापासून सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉपपर्यंतच्या वस्तूंचा उल्लेख होता. घेणाऱ्याला जे बेकायदा आहे, ते देणाऱ्याला करसवलतीस पात्र ठरू शकत नाही, असा निकालाचा गाभा आहे. तो प्रत्येक डॉक्टरने मुळातून वाचावा, कारण अशा भेटींची किंमत शेवटी औषधाच्या दरात चढते आणि ती रुग्ण भरतो, हे त्यात स्वच्छ शब्दांत मांडलेले आहे.

त्याच वर्षी १ जुलैपासून आयकर कायद्यात अशीही तरतूद आली, की व्यवसायातून मिळणाऱ्या लाभाची किंमत वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक झाली तर देणाऱ्याने १० टक्के कर (टीडीएस) कापून भरावा, आणि डॉक्टरांना दिली जाणारी मोफत सॅम्पलही अशा लाभात येतात असे खात्याने परिपत्रक काढून सांगितले. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा चालू क्रमांक आपल्या सीएकडून विचारून घ्यावा. पण याचा व्यवहारातला अर्थ ध्यानात ठेवावा : कंपनीने कर कापला की ती भेट आपल्या पॅनवर, वार्षिक माहिती विवरणात नोंदली जाते. आणि टीडीएस कापला म्हणून कट कायदेशीर होत नाही; उलट त्याची लेखी नोंद तयार होते.

कंपन्यांच्या बाजूने १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय औषध विभागाने विपणनाची एकसमान आचारसंहिता जाहीर केली. ब्रँडची आठवण करून देणारी वस्तू १,००० रुपयांहून महाग नसावी. सॅम्पल एका औषधाची वर्षाला बारा पॅकपेक्षा जास्त देऊ नयेत. वक्ता नसलेल्या डॉक्टरचा प्रवास व हॉटेलचा खर्च कंपनीने करू नये, असे त्यात आहे. या संहितेमागे कायद्याचे दात कमी आहेत, हे मान्य केले तरी प्रतिनिधीला नकार देताना ती फार उपयोगी पडते. ‘तुमच्याच संहितेत हे बसत नाही’ एवढे म्हटले की संभाषण संपते आणि त्या तरुण मुलालाही वरिष्ठांना सांगायला कारण मिळते. त्याच्यावर चिडू नये. लक्ष्याचे ओझे तोही वाहत असतो. कंपनीसाठी खरोखर व्याख्यान दिले, संशोधनात सल्ला दिला, तर लेखी करार करून, कामाच्या तासांची नोंद ठेवून, बँकेतून मानधन घ्यावे आणि त्या विषयावर बोलताना श्रोत्यांना तो संबंध सांगावा.

सरकारी नोकरी आणि सरकारी योजना

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात असणाऱ्या डॉक्टरसाठी कट हा केवळ नीतीचा भंग नाही. असा डॉक्टर लोकसेवक आहे, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ खाली त्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला द्यायला भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली तर त्याला संरक्षण मिळते. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत योजनेत आपले रुग्णालय समाविष्ट असेल, तर मंजूर पॅकेजच्या वर रुग्णाकडून ‘फरक’ म्हणून रोख घेऊ नये आणि बिल भरणाऱ्या कर्मचाऱ्यावर संपूर्ण भिस्त ठेवू नये. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात दाखवून दिले, की आयुष्मान योजनेत सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले होते, आणि आधी मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेले. यातले किती कपट आणि किती निष्काळजीपणा, हा वेगळा प्रश्न आहे. चौकशी आली की सही मात्र आपली असते. म्हणून दर आठवड्याला पाच दावे स्वतः काढून केसपेपरशी ताडून पाहावेत : दाखल तारीख, तपासणीचा मूळ अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद, रुग्णाचा स्वतःचा मोबाइल क्रमांक.

पाकीट आलेच तर

पाकीट कर्मचाऱ्याकडे आले असेल तर त्याने ते स्वीकारू नये, ही सूचना लेखी देऊन त्याची सही घ्यावी. रक्कम आपल्या हाती आली असेल तर त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात, ती परत करावी. रोख परत देऊ नये, कारण तिचा पुरावा उरत नाही. ती बँकेत भरून तेवढ्याच रकमेचा धनादेश संस्थेच्या नावे काढावा आणि सोबत स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. मी वापरतो तो मजकूर असा आहे :

‘आपल्या संस्थेकडून दि. … रोजी माझ्या दवाखान्यात रु. … एवढी रक्कम पोहोचवण्यात आली. ही रक्कम मी मागितलेली नाही व ती स्वीकारणे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांतील कलम ६.४ नुसार मला वर्ज्य आहे. सोबतच्या धनादेशाने ती परत करत आहे. यापुढे माझ्याकडून येणाऱ्या रुग्णांच्या बिलातून तेवढी रक्कम थेट कमी करावी व कमी केलेला दर बिलावर दाखवावा.’

शेवटचे वाक्य वगळू नये. नुसता नकार दिला तर आपल्या वाट्याची रक्कम केंद्राच्या नफ्यात जमा होते आणि रुग्ण तेवढेच पैसे भरत राहतो. माझ्या पत्रानंतर दोन केंद्रांनी सवलत दिली, एकाने दिली नाही. न देणाऱ्याविषयी मी रुग्णांना तसे सांगतो आणि निवड त्यांच्यावर सोडतो. बिलावरील ‘रेफर्ड बाय’ या रकान्याकडेही लक्ष असू द्यावे. अहवाल कोणाकडे जायचा हे कळण्यासाठी तो हवाच, पण महिनाअखेरीस त्याच रकान्यावरून कटाची यादी निघते; म्हणून माझ्या नावापुढे ‘देय शून्य’ अशी नोंद संगणकात करून तिची प्रत द्यावी, असे मी दोन्ही केंद्रांकडून लेखी मागून घेतले.

पत्राची प्रत, पोस्टाची पावती आणि बँकेची नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी. भाडेकरार, मानधनाचे करार आणि भागीदारीपत्रेही तिथेच असावीत. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत देणे हे विनियमांनुसार आपले कर्तव्य आहेच. आर्थिक कागद मात्र त्याहून जास्त काळ ठेवावेत.

दुसऱ्याविषयी तक्रार करायची असेल तेव्हा

विनियमांतील १.७ हे कलम फार कमी जणांनी वाचलेले असते. व्यवसायबंधूंच्या भ्रष्ट, अप्रामाणिक किंवा अनैतिक वर्तनाला न भिता, भीड न धरता वाचा फोडावी, असे ते डॉक्टरला सांगते. तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, संबंधित डॉक्टरच्या नावानिशी आणि पुराव्यासह करावी. निनावी पत्राने काही हाती लागत नाही. ऐकीव गोष्टी लिहू नयेत. आपल्याला आलेले पाकीट, त्यासोबतची चिठ्ठी, व्हॉट्सॲपवर आलेले दरपत्रक, एकाच तपासणीची कट देणाऱ्या व न देणाऱ्या केंद्रांची दोन बिले असे जे हाती असेल ते तारखेनुसार लावून जोडावे. अशा तक्रारीवर सहा महिन्यांच्या आत निर्णय व्हावा असे विनियम सांगतात, त्यामुळे तक्रारीची पोच घेऊन ठेवावी आणि मुदत उलटल्यास त्या पोचेचा हवाला देऊन लेखी विचारणा करावी. होमिओपॅथी आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांविषयीची तक्रार त्यांच्या स्वतंत्र परिषदांकडे जाते. खोटे बिल, न केलेली तपासणी किंवा विम्याचा बनावट दावा असेल तर पोलिसांकडे जाता येते; योजनेतील रुग्णाकडून पैसे घेतले गेले असतील तर आयुष्मान योजनेसाठी १४५५५ आणि राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक आहेत.

रुग्ण स्वतः आपल्याकडे येऊन ‘डॉक्टर, तुम्हालाही यातले काही मिळते का’ असे विचारतो, तेव्हा रागावू नये. फाइलमधील पत्राची प्रत त्याच्या हाती द्यावी आणि त्याला ती सावकाश वाचू द्यावी.